लाल टोपीखाली शिकलेलं

सातारा जिल्ह्यात फौजी नसलेलं घर शोधावं लागतं. अपशिंगे गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' लागलं ते पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले म्हणून. अशा मुलखात मराठा पलटणीतून पेन्शनीवर आलेल्या माणसाला स्वतःची ओळख करून द्यावी लागत नाही. मला लागते. मी मिलिटरी पोलीसच्या कोअरमधून सुभेदार म्हणून बाहेर पडलो. गावच्या पारावर पहिला प्रश्न ठरलेला असायचा : "म्हणजे फौजेतला ट्रॅफिक हवालदार का रं?" दुसरा प्रश्न कुणी तोंडावर विचारत नसे, पण डोळ्यांत दिसायचा : लढलास की नाही?

आता सांगलीत राहतो. भरतीपूर्व प्रशिक्षण वर्गांची पोरं अधूनमधून बोलायला बोलावतात. त्यांना पाकिस्तान-चीन सीमेच्या गोष्टी हव्या असतात. मी त्यांना १९४६ सालचं जपान सांगतो. कारण परक्या, हरलेल्या शहरात फौज राहिली की तिच्या पोलिसांना काय करावं लागतं, हे आपल्या भागातल्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलं ते तिथं. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या ताब्यासाठी ब्रिटिश राष्ट्रकुलाची फौज गेली. तिच्यात ब्रिटिश-भारतीय डिव्हिजन होती, तिचे कमांडर मेजर जनरल कोवन. डिव्हिजनमधल्या २६८ भारतीय ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर थिमय्या, म्हणजे पुढचे लष्करप्रमुख. त्या ब्रिगेडमधली एक पलटण आपली : पाचव्या मराठ्यांची पहिली बटालियन, जंगी पलटण. इटलीत सेनिओ नदीवर नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला तो एप्रिल १९४५ मध्ये, याच पलटणीत. वर्षभरात ती जपानात होती.

त्या पलटणीतले एक म्हातारे हवालदार आमच्या शेजारच्या गावात होते. मी भरती झालो तेव्हा त्यांनी मला जवळ बसवून जपानच्या गोष्टी सांगितल्या आणि वर म्हणाले, "जर्मनाला भ्यालो नाही, पण लाल टोपी दिसली की शर्टाच्या गुंड्या आपोआप लागायच्या." लाल टोपी म्हणजे मिलिटरी पोलीस. पुढे नोकरीत जे शिकलो ते त्यांच्या गोष्टींशी ताडून पाहत गेलो. त्यातलं काही इथं मांडतो.

१. पहिला डोळा आपल्याच माणसावर

पोरांना वाटतं, जिंकलेल्या शहरात मिलिटरी पोलीस म्हणजे रहिवाशांवर बंदुका रोखणारे लोक. जपानात राष्ट्रकुल फौजेकडे राज्यकारभार नव्हताच. ते काम अमेरिकेच्या आठव्या आर्मीची पथकं बघत, आणि तीही जपानी सरकारच्या हातूनच. राष्ट्रकुल फौजेनं जपानी दारूगोळा शोधून नष्ट करायचा, परदेशातून परतणारे लाखो जपानी उतरवून घेण्यावर देखरेख ठेवायची, चोरटी वाहतूक रोखायची, गस्त घालायची. मग पोलीस कुणासाठी? तर या ३७ हजारांच्या आसपासच्या आपल्याच फौजेसाठी. लढाई संपलेली, खिशात पगार, हाती रिकामा वेळ आणि समोर उपाशी शहर. या चार गोष्टी एकत्र आल्या की कुठल्याही देशाचा, कुठल्याही धर्माचा जवान घसरतो. कुरे बंदराच्या आसपास साखर, सिगारेटी, कापड यांचा काळाबाजार जोरात चालला आणि त्यातला बराच माल फौजेच्या कोठारांतूनच बाहेर पडत होता.

मार्च १९४६ मध्ये राष्ट्रकुल फौजेचे ऑस्ट्रेलियन सेनापती नॉर्थकॉट यांनी हुकूम काढला : जपान्यांशी वागणूक औपचारिक आणि नीट असावी, त्यांच्या घरात जायचं नाही, त्यांच्या कुटुंबात मिसळायचं नाही. हुकूम काढायला एक कागद पुरतो. तो पाळला जातो का, हे बघायला रात्री दहा वाजता गल्लीच्या तोंडाशी दोन माणसं उभी लागतात. ती आमची.

आमच्याकडे नवा पोरगा आला की अंगात वारं शिरलेलं असायचं, लाल बेरे, पांढरा पट्टा, दंडावर एम.पी.ची पट्टी. त्याला आधी रेल्वे स्टेशनवर उभं करायचं. छुट्टीवर चाललेल्या जवानाचा कागद तपास, पलटणीचा बिल्ला नीट आहे का बघ, दारू पिऊन फलाटावर झोपलेल्याला उचलून गाडीत बसव. सामान्य प्रवाशाकडे बघायचंही नाही. तो आपला नाही, तो रेल्वे पोलिसांचा. महिनाभर हे केलं की पोराच्या डोक्यातला सिनेमा उतरतो.

२. नफरीचा हिशेब आधी, नकाशा मग

युनिट कसं उभं करतात, हे विचारणाऱ्याला मी आधी गणित घालतो. चौकात एक चौकी, तिथं दोन जवान, चोवीस तास. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या धरल्या की सहा माणसं झाली. त्यात एक रजेवर, एक आजारी किंवा कोर्टात साक्षीला. म्हणजे दोन माणसं उभी दिसायला कागदावर आठ लागतात. साहेब लोक नकाशावर टाचण्या टोचतात, 'इथं एक चौकी, इथं एक'. प्रत्येक टाचणी आठ माणसं खाते. त्यात ड्रायव्हर, लंगर, कोतवरचा, म्हणजे शस्त्रागारावरचा, माणूस, लॉकअपचा पहारा, कारकून वेगळे.

म्हणून प्रोव्होस्टचं, म्हणजे मिलिटरी पोलिसांचं, युनिट पायदळासारखं एका जागी राहत नाही. ते फुटतं. मुख्यालयाजवळ थोडे, बाकीचे सेक्शन-सेक्शननं वाटलेले : एक सेक्शन रस्त्यांवर, एक स्टेशन आणि बंदरावर, एक गस्तीवर, काही माणसं तपासाला. सेक्शनवर जे.सी.ओ. किंवा हवालदार. त्यामुळे आमच्या हवालदाराला पलटणीतल्या हवालदारापेक्षा कितीतरी जास्त वेळा एकट्यानं निर्णय घ्यावा लागतो. साहेब ८० किलोमीटरवर, फोन लागत नाही, समोर दोन युनिटचे जवान एकमेकांच्या उरावर बसलेत. तिथं विचारायला जायचं कुणाला?

जपानातला पसारा तर बघा. ब्रिटिश-भारतीय डिव्हिजनकडे ओकायामा, तोत्तोरी, शिमाने हे प्रांत आणि शिवाय समुद्रापलीकडचं शिकोकू बेट. ऑस्ट्रेलियन हिरोशिमा प्रांतात. फौजेचा माल उतरायचा कुरेला, म्हणजे जिथं जपानची यामातो ही महाकाय युद्धनौका बांधली त्या बंदरात. आणि तिथून डोंगर ओलांडून पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत जायचा. रस्ते अरुंद, पूल बॉम्बनं खिळखिळे, रेल्वे हाच आधार. अशा ठिकाणी पोलिसांची जागा ठरवते ती मालाची वाट. जिथं माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत चढतो तिथं चोरी होते. सैनिक जिथं गाडी बदलायला थांबतो तिथं भांडण, आणि शहराचे दिवे दिसतात तिथून तो गायब. या तीन जागा सांभाळल्या की अर्धं काम झालं. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. मोठ्या जंक्शनवर रात्रपाळ्या काढल्या की आपोआप कळतं.

आणि एक. चौकी अशा ठिकाणी हवी की ती दिसली पाहिजे. चोर पकडणं हे दुय्यम. लाल टोपी लांबून दिसली आणि गुंड्या लागल्या, तर लॉकअपची एक खोली वाचली.

३. पलटणीचा पोलीस वेगळा, फौजेचा पोलीस वेगळा

हे गावाकडे कुणालाच माहीत नसतं. प्रत्येक पलटणीत स्वतःचे रेजिमेंटल पोलीस असतात, आर.पी. तेही पट्टी लावतात, गेटवर उभे राहतात, क्वार्टर गार्डजवळ फिरतात. पण ते पलटणीचे, सी.ओ. साहेबांचे. पलटणीचं नाव खराब होऊ नये ही त्यांची पहिली काळजी, आणि त्यात गैर काही नाही. घरातलं भांडण घरात मिटवायची ती रीत आहे.

पण जवान जेव्हा शहरात जातो, दुसऱ्या पलटणीच्या जवानाशी भिडतो, दुकानदाराचं सामान उचलतो, तेव्हा घरातला माणूस न्याय करू शकत नाही. म्हणून मिलिटरी पोलिसांची साखळी वेगळी ठेवलेली आहे. युनिटच्या मेजरवर प्रोव्होस्टचे वरचे अधिकारी, त्यांच्यावर सैन्य मुख्यालयातला प्रोव्होस्ट मार्शल. जनरल साहेबांचा हुकूम आम्ही मानतोच, पण एखाद्या कर्नलनं 'माझा पोरगा सोडून दे' म्हटलं तर 'रिपोर्ट गेलाय साहेब' एवढं म्हणायची सोय आम्हाला असते. ही सोय नसेल तर ते युनिट मिलिटरी पोलीस नाही, नुसते पट्टी लावलेले आर.पी.

याला दुसरी बाजू आहे आणि ती तितकीच मोलाची. १९५० च्या आर्मी ॲक्टच्या १०७ व्या कलमानुसार प्रोव्होस्टचा माणूस लष्करी कायद्याखालच्या गुन्हेगाराला पकडू शकतो, अडकवून ठेवू शकतो. पण स्वतःच्या अधिकारात शिक्षा देऊ शकत नाही. एक कानफटातसुद्धा नाही. आणि अधिकाऱ्याला पकडायचं असेल तर दुसऱ्या अधिकाऱ्याचा हुकूम लागतो. पोरांना हे ऐकून निराशा येते. "मग लान्सनाईक मेजरला काहीच करू शकत नाही?" करू शकतो की. गाडी थांबवतो, कडक सॅल्यूट मारतो, नंबर आणि वेळ लिहून घेतो. तेवढं लिहिलेलं पुढे फार लांब जातं. माझ्या अनुभवात साहेब लोक शिवीला भीत नाहीत, नोंदीला भितात.

४. ज्याचा जवान, त्याचा पोलीस

दुसऱ्या महायुद्धानंतर व्हिएन्ना शहर चार देशांनी वाटून घेतलं होतं : अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, रशिया. प्रत्येकाचा आपापला भाग. पण मधलं जुनं शहर चौघांच्या सामाईक ताब्यात, दर महिन्याला अध्यक्षपद फिरतं. तिथं एका गाडीतून चौघा देशांचा एकेक मिलिटरी पोलीस गस्त घालायचा. 'जीपमधले चौघे' हे पुढे त्या शहराचं चित्रच बनलं, सिनेमाही निघाला. जगभरच्या लोकांना ते मैत्रीचं प्रतीक वाटलं. आमच्या धंद्यातल्या माणसाला त्यात सोय दिसते. रशियन सैनिक दारू पिऊन धिंगाणा घालतोय, त्याला अमेरिकन पोलिसानं हात लावला तर दोन राष्ट्रांचं भांडण. रशियन पोलिसानं उचलला तर साधी केस. १९५५ मध्ये परक्या फौजा निघून जाईपर्यंत ही पद्धत टिकली. बर्लिनवरून जग पुन्हा लढाईच्या काठावर आलं होतं, तेव्हाही व्हिएन्नातली ती गाडी फिरत होती.

जपानातही प्रश्न तोच. राष्ट्रकुल फौजेत ऑस्ट्रेलियन, ब्रिटिश, न्यूझीलंडर आणि आपले, असे चार देशांचे लोक होते. टोकियोत वर अमेरिकन. आपल्या जवानाला लागू होता तो इंडियन आर्मी ॲक्ट, ऑस्ट्रेलियन जवानाला त्यांचा कायदा. म्हातारे हवालदार सांगायचे की गोरा पोलीस ओरडला तर शब्द कळत नसत, फक्त अपमान कळायचा. आणि अपमान कळला की मराठा गडी कायद्यापलीकडे जातो. भारतीय पोलीस असला तर तो हिंदुस्तानीत चार गोष्टी सुनवायचा आणि प्रकरण तिथंच विझायचं.

मी स्वतः हे किती वेळा पाहिलं याला गणती नाही. उत्तरेतल्या एका छावणीबाहेर आपल्याकडचा एक पोरगा, भावाच्या जमिनीच्या भांडणाची चिठ्ठी आलेली, दारू चढलेली, हातात बाटली फुटलेली. तीन जण त्याला हिंदीत समजावत होते आणि तो अधिकच पेटत होता. मी मागून विचारलं, "तासगावचा का खानापूरचा रं तू?" त्यानं बाटली खाली ठेवली आणि रडायला लागला. म्हणून सेक्शन बनवताना मी नेहमी बघायचो की एका सेक्शनमध्ये निरनिराळ्या मुलखांची माणसं आहेत का. पलटण एका जातीची, एका प्रांताची असू शकते. पोलिसांचं सेक्शन तसं असून चालत नाही.

५. गावच्या शिपायाशी जमवून घ्यावं लागतं

जपानची नागरी पोलीस व्यवस्था दोस्तांनी मोडली नाही. गल्लीतला जपानी शिपाई आपल्या जागी राहिला. मोडली ती केंपेइताई, म्हणजे जपानी फौजेचीच मिलिटरी पोलीस. ती का मोडली हे आमच्या कोअरच्या प्रत्येक पोरानं समजून घ्यावं असं मला वाटतं.

केंपेइताई मुळात आमच्यासारखीच होती, सैनिकांना शिस्त लावायला. हळूहळू तिच्या हाती नागरिक दिले गेले. मतं तपासायची, हेर शोधायचे, माणसं उचलायची. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यावर चिनी रहिवाशांची जी छाननी आणि कत्तल झाली तिच्यात हीच केंपेइताई पुढे होती. अंदमानात डॉक्टर दिवाण सिंग यांच्यासारख्या माणसाचा जपानी कैदेत छळ होऊन जानेवारी १९४४ मध्ये अंत झाला. हुद्दे तसेच, दंडावर पट्टी तशीच, पण तोंड आपल्या फौजेकडून लोकांकडे वळलेलं. तोंड वळायला मोठा कट लागत नाही. 'आज जरा तुम्हीच ही घरं तपासा, पोलिसांकडे माणसं कमी आहेत,' एवढ्या एका वाक्यानं सुरुवात होते. असं वाक्य मी नोकरीत ऐकलेलं आहे. सुदैवानं त्या वेळी वर बसलेल्या साहेबांनी लेखी हुकूम मागितला आणि तो आला नाही.

तर जपानी शिपायाकडे वळू. दोस्त सैनिकावर जपानी कोर्टाचा अधिकार नव्हता. डोळ्यांसमोर परका सैनिक दुकान फोडतोय आणि शिपायानं काय करायचं, तर मिलिटरी पोलिसांना कळवायचं. उलट एखाद्या जपान्यानं ताबा फौजेविरुद्ध गुन्हा केला तर त्याला फौजेच्या प्रोव्होस्ट कोर्टापुढे उभं करत. म्हणजे तराजू सरळसरळ वाकडा. अशा ठिकाणी त्या शिपायाची इज्जत राखणं हे आपल्याच हिताचं असतं, कारण शहर त्याला माहीत आहे, आपल्याला नाही. आम्ही नव्या ठिकाणी गेलो की माझं पहिलं काम जवळच्या ठाण्यात जाऊन चहा पिणं. ठाण्यातला जुना हवालदार दोन भेटींत जे सांगतो ते आमची गस्त वर्षात गोळा करू शकत नाही. त्याच्यासमोर आपल्या गुन्हेगार जवानाला पाठीशी घातलं की तो पुन्हा कधी फोन करत नाही. चूक होती आमच्या जवानाची, असं त्याच्या ठाण्यात बसून म्हणता आलं पाहिजे.

६. त्याच साली वाळव्यात

जंगी पलटण जपानात असताना तिच्या जवानांच्या घरी काय चाललं होतं? आजचा सांगली जिल्ह्याचा बराच भाग, वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा, तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ मध्ये आणि त्याचं नाव सांगली पडलं १९६० साली. या पट्ट्यात १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रति सरकार, म्हणजे इंग्रजांना समांतर सरकार, चालू होतं. कुंडलची तुफान सेना म्हणजे त्याची फौज, तिचे जी. डी. बापू लाड, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी, तिकडे वाईकडे किसन वीर. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली. गावोगाव न्यायदान मंडळं बसत. जमिनीचे, कर्जाचे तंटे तिथं सुटत.

म्हाताऱ्या हवालदारांच्या घरातच ही फाळणी होती. ते सम्राटाच्या देशात ब्रिटिश राजाच्या नावानं पहारा देत होते आणि चुलतभाऊ रात्री तुफान सेनेच्या कवायतीला जायचा. घरी दोघांचं पटायचं. मी त्यांना विचारलं होतं, तुम्हाला कुणाचं राज्य खरं वाटायचं? ते म्हणाले, "सावकारानं दाबलेली जमीन ज्यानं सोडवून दिली त्याचं."

माझ्या धंद्याच्या नजरेनं प्रति सरकारकडे बघितलं की एक गोष्ट ठळक दिसते. लोकांनी मान्य केलेली सत्ता असली तरी तिच्या नावाचा गैरवापर करणारे लगेच तयार होतात. प्रति सरकारच्या नावावर दरोडे घालणारे निघाले आणि त्यांना हुडकून शिक्षा करणं हे तुफान सेनेला मोठं काम होऊन बसलं. म्हणजे तिथंही आपल्या नावाची माणसं सांभाळणं आलंच. पुढे आझाद हिंद सेनेतले लोक येऊन कवायत शिकवू लागले. २५ फेब्रुवारी १९४६ रोजी शिराळ्याच्या डोंगरात मणदूर-सोनवड्याला पोलिसांशी झालेल्या चकमकीत किसन अहिर आणि नानकसिंग पडले. तो महिना आणि जपानातल्या कुरे बंदरात राष्ट्रकुल फौजेचे पहिले लोक उतरले तो महिना एकच. भरतीच्या पोरांना मी ही जोडी मुद्दाम सांगतो. त्यातल्या निम्म्यांच्या आज्यापणज्यांपैकी कुणीतरी या दोन बाजूंपैकी एकीकडे होतं.

एका गोष्टीत मात्र मी तुफान सेनेच्या बाजूनं बोलणार नाही. तळपायावर काठ्या मारायची शिक्षा लोकांना आवडली, अजूनही पारावर रंगवून सांगतात. पकडणारा आणि मारणारा एकच असला की आज दरोडेखोर, उद्या शेजारी. ते लढ्याचे दिवस होते, कोर्ट शत्रूचं होतं, हे मला मान्य आहे. तरीही.

७. लिहून ठेवा

यावर फार बोलत नाही. डायरीत वेळ, ठिकाण, नंबर, साक्षीदार. जप्त केलेला माल मोजून, दोघांच्या सह्या घेऊन. लॉकअपमध्ये टाकताना अंगावरच्या जखमा लिहून, सोडताना पुन्हा लिहून. ही शेवटची नोंद मी कधी चुकवू दिली नाही. ती कैद्याला वाचवते त्याहून जास्त पोलिसाला वाचवते.

८. आपत्तीत रस्ता मोकळा ठेवणारा मोठा

२१ डिसेंबर १९४६ च्या पहाटे जपानच्या दक्षिण किनाऱ्याला मोठा भूकंप झाला, पाठोपाठ समुद्र चढून आला. तेराशेहून अधिक माणसं गेली. शिकोकू बेटावरचं कोची शहर उद्ध्वस्त झालं. ते ब्रिटिश-भारतीय डिव्हिजनच्याच हद्दीत. कालपर्यंत जी फौज ताबा घेऊन बसली होती तिला मदतीला धावावं लागलं. अशा वेळी मिलिटरी पोलिसांचं सगळं कौशल्य एका प्रश्नापाशी येतं : गाडी आत कशी जाईल आणि रिकामी बाहेर कशी येईल.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेनं आयर्विन पुलापाशी ५७ फूट गाठले. धोक्याची पातळी ४५. शहरात पाणी, फौजेची पथकं आलेली, बोटी ट्रकवर लादून आणलेल्या. आणि पाणी बघायला आलेल्या लोकांच्या मोटारसायकली रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. मी पेन्शनीतला माणूस, अंगावर वर्दी नाही, हातात शिट्टीही नाही. एका वळणावर दोन-तीन माजी सैनिक गोळा केले, एक बाजू पूर्ण मोकळी केली, येणाऱ्यांना एक वाट आणि जाणाऱ्यांना दुसरी. लोकांनी शिव्या दिल्या. तासाभरानं ऐकायला लागले. पाण्यात उडी मारणारे खूप असतात आणि त्यांचे फोटोही येतात, ते यायलाच हवेत. त्यांचा ट्रक पाण्यापर्यंत वेळेवर पोहोचवणाराही कुणीतरी लागतो. पारावरच्या त्या पहिल्या प्रश्नाचं, ट्रॅफिक हवालदार का रं, उत्तर मी आता सरळ 'हो' असं देतो.

९. तक्रार कुणाकडे करायची?

जपानच्या ताब्याची जी बाजू म्हातारे हवालदार कधी बोलले नाहीत, ती मी नंतर वाचली. ताबा फौजांच्या सैनिकांनी जपानी स्त्रियांवर अत्याचार केले. राष्ट्रकुल फौजही त्याला अपवाद नव्हती. किती प्रकरणं पोलिसांपर्यंत आली असतील? जपानी शिपायाला परक्या सैनिकाला हात लावता येत नव्हता. दोस्त फौजांबद्दल वाईट छापायला सप्टेंबर १९४५ पासून वर्तमानपत्रांना बंदी होती. उरली मिलिटरी पोलिसांची चौकी : परकी भाषा, परके पुरुष, तीच वर्दी जी गुन्हेगाराच्या अंगावर. त्या चौकीची पायरी कोणती बाई चढेल? मघाशी चौकीच्या जागेबद्दल एवढं लिहिलं, पण चौकी कितीही योग्य चौकात असली तरी आत कोण बसलंय यावरच ती अर्ध्या शहरासाठी उघडी की बंद हे ठरतं.

भारतीय फौजेनं शिपाई म्हणून पहिल्यांदा मुली घेतल्या त्या मिलिटरी पोलीसमध्येच. ६१ आठवड्यांचं प्रशिक्षण पुरं करून ८३ जणींची पहिली तुकडी ८ मे २०२१ रोजी बंगळुरूच्या आमच्या केंद्रातून बाहेर पडली. तेव्हापासून सांगली-साताऱ्याच्या भरती वर्गांत मुली दिसतात. पहाटे रस्त्याच्या कडेनं धावताना दिसतात. त्यातल्या एकीनं मला विचारलं, "आम्हाला फक्त बायकांच्या केसला पाठवणार का?" मी म्हटलं, सुरुवातीला पाठवतील, तू रस्त्यावरची पाळीही मागून घे. ट्रकच्या ताफ्यासमोर हात करून उभं राहिल्याशिवाय या वर्दीत कुणी तुला मोजत नाही, मुलगा असो की मुलगी.

टप्प्याटप्प्यानं १,७०० मुली घ्यायचं ठरलेलं आहे. त्या मुलीपुढे मी तो जुना हिशेब मांडला. एका चौकीवर चोवीस तास एक तरी मुलगी हवी, तर तीन पाळ्यांना तिघी आणि रजा-आजाराला चौथी. सतराशे भागिले चार, सव्वाचारशे चौक्या. देशभरच्या छावण्या, मोठी रेल्वे स्टेशनं, तपासाची पथकं, सीमेवरच्या झडत्या आणि प्रशिक्षण केंद्रातल्या उस्तादणी, हे सगळं त्यातच. तिनं वहीत आकडा मांडून पाहिला आणि म्हणाली, "सर, कमी पडतात."

"पडतातच," मी म्हटलं, "म्हणून तुझी धाव आधी बघू."